हॅमच्या सुपाला वाटाणा कोणता घ्यावा?

इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. ऑफिसमधल्या सहकाऱ्याच्या घरी त्यांनी वाटाणा आणि हॅमचं सूप खाल्लं, आवडलं, म्हणून घरी करायला घेतलं. सुपरमार्केटमधून सुके अख्खे हिरवे वाटाणे आणले, रात्रभर भिजवले, हॅमच्या हाडासकट तीन तास उकळले. मांस हाडावरून सुटून आलं, पण वाटाणे गणंगच राहिले. सूप मिळून आलं नाही. खाली वाटाणे, वर पाणी. आता दुकानात गेल्यावर फडताळावर हिरवी डाळ, पिवळी डाळ, मॅरोफॅट, डब्यातले वाटाणे आणि पलीकडे फ्रीझरमध्ये मटार अशी रांग दिसते. यातलं नेमकं काय घ्यायचं, आणि पहिल्या वेळी बिनसलं कुठे?

ताई, हिरवी फोडलेली वाटाणा डाळ घ्या. पाकिटावर ‘ग्रीन स्प्लिट पीज’ असं लिहिलेलं असतं. मी उत्तर इंग्लंडमधल्या पबच्या स्वयंपाकघरात हिवाळाभर हे सूप करत आलो आहे. बाकीच्या प्रत्येक वाटाण्याला त्याची त्याची जागा आहे आणि ती मी खाली सांगतो, पण तुम्ही सहकाऱ्याकडे खाल्लंत ते दाट, पळीवरून सावकाश ओघळणारं सूप या डाळीचंच होतं याबद्दल मला शंका नाही.

सगळा प्रश्न सालाचा आहे. अख्ख्या वाटाण्याचं साल शिजून मऊ होतं, पण विरघळत नाही. आतला गर लोण्यासारखा झाला तरी साल त्याला धरून ठेवतं आणि दाणा दाणाच राहतो. उसळीत आपल्याला हेच हवं असतं. फोडलेल्या डाळीचं साल गिरणीतच उतरवलेलं असतं. पाणी थेट गरात शिरतं, पेशी एकमेकींपासून सुटतात, स्टार्च फुगून रश्श्यात उतरतो आणि सूप आपोआप मिळून येतं. पीठ लावायला नको, मलई नको, बटाटासुद्धा नको. ही डाळ भिजवावीही लागत नाही. दोन-तीन पाण्यांनी धुतली की तासा-सव्वा तासात गरगट होते.

आता तुमचे वाटाणे का शिजले नाहीत ते सांगतो, कारण हे कळलं नाही तर डाळ आणूनही पुन्हा तेच व्हायचं. पहिला संशय मला पाण्याचा आहे. रेडिंग, लंडन आणि टेम्सच्या खोऱ्याचा बराचसा भाग चुनखडीवर वसलेला आहे, त्यामुळे नळाचं पाणी चांगलंच जड असतं. तुमच्या किटलीच्या तळाशी पांढरे पापुद्रे धरत असतील, तो हाच चुना. दाण्याच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन असतं. पाण्यातलं कॅल्शियम त्याला जाऊन बिलगतं आणि पक्कं करून टाकतं. मग तीन तास काय, पाच तास उकळा, दाणा हलत नाही. मॅंचेस्टरला लेक डिस्ट्रिक्टमधल्या थर्लमिअर तलावाचं पाणी येतं, ते अगदी हलकं. तिथला स्वयंपाकी तेच पाकीट, तेच पातेलं घेऊन दीड तासात मोकळा होतो आणि दक्षिणेतल्या माणसाला वाटतं आपल्याच हाताला गुण नाही. पुण्या-नगरकडे बोअरच्या पाण्यात तूर शिजत नाही अशी तक्रार घरोघरी असते, तिचंही कारण हेच.

यावर उपाय साधा आहे. भिजवायला आणि शिजवायला लागणारं पाणी आधी उकळून, निवल्यावर वरचं वर ओतून घ्या. बराचसा चुना तळाशी बसतो. जगवाला फिल्टर असेल तर तोही चालेल. अख्खे वाटाणे असतील तर भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी ओतून द्या. फोडलेल्या डाळीला मी सोडा घालत नाही. तिला गरज नसते, आणि सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, शिवाय ब-१ जीवनसत्त्वही जातं.

दुसरा संशय वाटाण्याच्या वयाचा. कडधान्य उबदार, दमट जागी वर्षभर पडून राहिलं की दाण्याच्या आत असे बदल होतात की नंतर कितीही भिजवलं तरी तो पाणी नीट घेत नाही. पाकिटावरची तारीख पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. पाकीट उजेडाकडे धरा. चांगल्या हिरव्या डाळीचा रंग सगळीकडे सारखा असतो, जरा निळसर छटा असलेला, मंद हिरवा. जुन्या, उजेडात राहिलेल्या डाळीत फिकट, पिवळट पडलेले दाणे मधूनमधून दिसतात, कारण हरितद्रव्य उजेडाने उडतं. मग पाकीट हलवून तळाचा कोपरा पाहा. तिथे पिठाची बारीक भुकटी जमलेली असेल, एखाद्या दाण्याला सुईच्या टोकाएवढं भोक असेल, तर ते पाकीट ठेवून द्या. मी नेहमी अशा दुकानातून घेतो जिथे डाळींचा खप मोठा आहे. लंडनमधल्या साउथॉलच्या किंवा लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय किराणा दुकानात महिनोन्महिने एकच पोतं पडून राहत नाही, त्यामुळे तिथली डाळ मला अनेकदा बड्या सुपरमार्केटपेक्षा ताजी वाटली आहे.

मिठाबद्दल आपल्याकडे एक पक्की समजूत आहे की मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही. भिजवण्याच्या पाण्यात घातलेलं मीठ उलट सालं मऊ करायला मदत करतं. खरी अडवणूक आंबटाची असते. टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू हे दाणा पूर्ण शिजल्यावरच घाला. तुम्ही सुरुवातीला टोमॅटोचा डबा ओतला असेल तर ते तिसरं कारण समजा.

आता पिवळी की हिरवी. दोन्ही एकाच पिकाच्या जाती, दोन्ही सारख्याच विरघळतात. हिरवीला किंचित गोडसर, शेंगेची आठवण करून देणारी चव असते आणि ती धुराच्या वासासमोर टिकते. म्हणून स्मोक्ड हॅम असेल तर हिरवी. पिवळी सौम्य असते, थोडी मातकट. इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलच्या बाजूला, पिवळी डाळ हॅमच्या पाण्यात घट्ट शिजवून पीज पुडिंग करतात आणि ते गार झाल्यावर पावाला लावून हॅमबरोबर खातात. पूर्वी डाळ फडक्यात बांधून हॅमच्याच पातेल्यात सोडत. स्वीडनमध्ये गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं सूप मोहरी लावून खातात आणि मागून पॅनकेक येतात. कॅनडात क्वेबेकचं सूप पिवळ्या अख्ख्या वाटाण्याचं, खारवलेलं डुकराचं मांस घालून केलेलं. तो वाटाणा आपल्या रगड्याच्या पांढऱ्या वाटाण्याच्या अगदी जवळचा आहे. नेदरलँड्सचं स्नर्ट मात्र हिरव्या फोडलेल्या डाळीचं, सेलरीचा कंद आणि लीक घालून इतकं दाट करतात की चमचा उभा राहावा, आणि त्यात धुरावलेल्या सॉसेजच्या चकत्या. मला विचाराल तर या सगळ्या घराण्यांत स्नर्ट सर्वांत भरभक्कम. तुम्हाला कधी पिवळी वापरावीशी वाटली तर न धुरावलेलं हॅम घ्या. तिची सौम्य चव धुराखाली दबून जाते.

पिवळी घेताना आपल्या लोकांची एक गफलत फार होते. घरात हरभरा डाळ असते, दिसायला तीच, म्हणून तीच सुपात जाते. हरभरा डाळ शिजते पण विरघळत नाही. पुरणासाठी शिजवलेली डाळसुद्धा वाटल्याशिवाय एकजीव होत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. दोन्ही डाळी तळहातावर शेजारी शेजारी ठेवून पाहा. वाटाण्याची डाळ म्हणजे गुळगुळीत, नीट अर्धगोल, एक बाजू सपाट. हरभऱ्याची डाळ जरा गडद, खडबडीत, कडा वेड्यावाकड्या. तूर त्याहून बारीक आणि चपटी. एकदा डोळ्याला सवय झाली की सुट्ट्या डाळीच्या डब्यातही ओळखू येतात.

मॅरोफॅट म्हणजे मोठे, फुगीर, शेतातच वेलावर वाळू दिलेले हिरवे वाटाणे. फिश अँड चिप्सबरोबर जे मशी पीज (घोटलेले मऊ वाटाणे) येतात ते याचेच. पाकिटात बहुधा सोड्याच्या गोळ्याही असतात, भिजवताना टाकायला. तुम्ही आणलेले वाटाणे हेच असावेत असा माझा अंदाज आहे. यांचंही सूप होतं, आणि काही जुन्या घरांत यांचंच करतात. पण बारा तास भिजवायचे, ते पाणी टाकायचं, मग दीड-दोन तास शिजवायचे, आणि तरी सालांचे तुकडे जिभेला लागतात. ते नको असतील तर चाळणीतून गाळायचे. चव उत्तम, मेहनत दुप्पट. मला सुपात थोडा दाताखाली येणारा दाणा आवडतो, म्हणून कधी कधी मूठभर मॅरोफॅट वेगळे शिजवून शेवटी घालतो. दाटपणा डाळीचा, दाणा मॅरोफॅटचा. ऑस्ट्रेलियात ‘ब्लू बॉयलर’ नावाचे अख्खे सुके वाटाणे मिळतात. ॲडलेडच्या पाय फ्लोटरमध्ये मांस भरलेला ‘पाय’ (पिठाच्या पारीत भाजलेला पदार्थ) ज्या दाट हिरव्या सुपात तरंगतो ते याच वाटाण्यांचं करतात. मेलबर्न-ॲडलेडकडचे मराठी वाचक ते बिनदिक्कत वापरू शकतात, फक्त भिजवायला विसरू नका.

लँकेशरमध्ये तपकिरी-काळसर वाटाणेही मिळतात. ५ नोव्हेंबरच्या शेकोटीला ते उकडून, व्हिनेगर मारून खातात. दिसायला आपल्या मालवणी काळ्या वाटाण्याच्या जवळचे. ते या सुपात घालू नका. रंग चिखलासारखा होतो आणि साल जाड असतं. त्यांची आमटीच करा.

फ्रोजन मटार हा वेगळाच मामला आहे, आणि यामागे विज्ञानातली एक फार सुंदर गोष्ट आहे. ग्रेगोर मेंडेलने ब्रनोच्या मठात वाटाण्यांवर प्रयोग केले, १८६६ मध्ये ते छापून आले. त्यात गोल दाणा आणि सुरकुतलेला दाणा ही जोडी होती. १९९० मध्ये नॉरिचच्या जॉन इन्स संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एक विकर तयारच होत नाही. त्यामुळे स्टार्च कमी साठतो, साखर जास्त राहते, कोवळा दाणा पाणी धरून ठेवतो आणि वाळताना आकसून सुरकुततो. हिरवे कोवळे खायचे, गोठवायचे वाटाणे बहुतेक याच गोड जातींचे. डाळीसाठी पिकवतात ते गोल, स्टार्चने भरलेले. म्हणूनच फ्रोजन मटार कितीही शिजवले तरी सूप दाट होत नाही, वर त्यांचा गोडवा आणि हिरवा रंग मात्र निघून जातो. तीन-चार मिनिटांत उकळून, पुदिना घालून, मिक्सरमधून काढून, वर शिजलेल्या हॅमचे तुकडे टाकले तर छान हलकं सूप होतं. उन्हाळ्याच्या दुपारी करा. हिवाळ्याच्या सुपात त्यांची जागा एवढीच की अगदी शेवटी, गॅस बंद करण्याआधी, मूठभर घातले तर रंग उजळतो. इंग्लंडमध्ये जून-जुलैत येणाऱ्या ताज्या शेंगा आणि आपल्याकडे थंडीत स्वस्त होणारा मटार यांनाही हेच लागू. ते सोलता सोलता खाण्याचे दाणे आहेत, त्यांना तासभर हाडाबरोबर उकळू नये.

डब्यातले ‘प्रोसेस्ड पीज’ म्हणजे सुके मॅरोफॅटच भिजवून, शिजवून भरलेले. अगदीच वेळ नसेल तर चालतील. डब्यातल्या हिरव्या वाटाण्यांना बऱ्याचदा रंग घातलेला असतो, त्यामुळे त्या झगझगीत हिरव्याशी आपल्या सुपाची तुलना करू नका. तासभर शिजलेल्या डाळीचं सूप शेवाळी, जरा खाकीकडे झुकणारं व्हायलाच हवं.

वाटाणा निवडून झाला, पण तो पातेल्यात कधी पडतो यावरही खूप अवलंबून आहे. हॅमच्या हॉकला (डुकराच्या पायाचा हाडासकट तुकडा) अडीच तास लागतात आणि डाळीला एक. दोन्ही एकदम चढवले तर डाळ अर्ध्या वाटेतच विरघळून तळाला बसते आणि मांस शिजेपर्यंत करपते. म्हणून आधी हॉक. किलोभराचा घ्या, थंड पाण्यात ठेवून एक उकळी आणा, पाण्याची चव घ्या. खारट लागलं तर ओतून द्या. मग अडीच लिटर नवं पाणी, अर्धा कांदा, तमालपत्राची दोन पानं, दहा-बारा मिरे, आणि मंद आचेवर, पाणी नुसतं हलत राहील इतक्याच आचेवर ठेवा. हाड हाताने फिरवल्यावर सुटायला लागलं की काढा. रस्सा गाळा आणि पुन्हा चखा. ही दुसरी चव महत्त्वाची आहे, कारण पुढे सूप आटणार आणि खारटपणा वाढणार. आत्ताच ‘बरोबर’ लागला तर थोडं पाणी घालायला हवं. दोन लिटर रश्श्याला ५०० ग्रॅम डाळ हे माझं प्रमाण आहे, सहा ते आठ जणांना पुरतं. कांदा, दोन गाजरं, सेलरीच्या दोन काड्या बारीक चिरून लोण्यावर परता, त्यात धुतलेली डाळ, वर रस्सा. पहिल्या दहा मिनिटांत पांढरा फेस वर येतो, तो पळीने काढत राहा. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र पातेल्यापासून हलू नका, दर दोन-तीन मिनिटांनी तळापासून ढवळा. मांस सोडवून तुकडे करून शेवटी घाला, कातडी आणि चरबी बाजूला. मिक्सर फिरवायचा मोह होईल. फिरवू नका, सूप खळीसारखं चिकट होतं. लाकडी डावाने पातेल्याच्या कडेवर दोन-चार वेळा घोटलं की पुरे. ताजी मिरपूड आणि छोटा चमचाभर इंग्लिश मोहरी. मीठ बहुधा लागतच नाही.

कुकर वापरणाऱ्यांसाठी: डाळ थेट कुकरच्या तळात शिजवू नका. तिचा फेस वर चढून शिट्टीच्या नळीत अडकतो. आपण वरण लावतो तसं डब्यात पाणी घालून लावा, चार-पाच शिट्ट्या करा आणि शिजलेली डाळ रश्श्यात ओता. हॉक मात्र कुकरमध्ये थेट चालतो, पाऊण तासात होतो.

भारतात करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. पहिली, फोडलेली हिरवी डाळ हल्ली मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन मिळते. न मिळाल्यास किराणा दुकानातली पिवळी वाटाणा डाळ घ्या, अख्ख्या हिरव्या वाटाण्यापेक्षा ती बरी. अख्खा हिरवा सुका वाटाणा घेणारच असाल तर काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात अर्धा तास ठेवून पाहा. पाणी लख्ख हिरवं झालं तर दाण्याला रंग चढवलेला आहे, तो वापरू नका. दुसरी गोष्ट गोव्याच्या चोरीसाची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजची. हॅमऐवजी ती घालून सूप फार रुचकर होतं, पण चोरीसात व्हिनेगर असतं. डाळ पूर्ण शिजल्यावरच तिचे तुकडे सोडा, नाहीतर पुन्हा गणंग दाण्यांशी गाठ पडेल.

हे सूप सुक्या वाटाण्याचंच का, याचंही एक कारण आहे. वाळवलेला वाटाणा आणि खारवलेलं डुकराचं मांस या दोन्ही हिवाळ्यासाठी राखून ठेवायच्या वस्तू. ब्रिटिश नौदलाच्या जुन्या शिध्यातही या दोन्ही असत. इंग्लंडमध्ये ताज्या मटाराचा हंगाम आणि हाडाच्या सुपाचा हंगाम एकमेकांना भेटतच नाहीत.

उरलं तर उत्तमच, दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते. फ्रिजमध्ये ते वडीसारखं घट्ट होतं, याने घाबरू नका, स्टार्च गार झाल्यावर असाच आळतो. गरम करताना थंड पाणी ओतून मोठी आच लावली तर खाली लागतं आणि वर गुठळ्या राहतात. कपभर उकळतं पाणी घाला, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं तसंच राहू द्या, मग ढवळा. फ्रीझरमध्ये ते तीनेक महिने चांगलं राहतं; डबा भरताना वर बोटभर जागा सोडा.